डोळा विचारणारे सर

आमच्या सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, डोळे राहत. तीस पोरांच्या वर्गाची हजेरी त्यांना कधी नावाने घेता आली नाही. "ए उजवी, दोन वेण्यांची," "ए डावा, शर्ट खोच आत," अशा त्यांच्या हाका असायच्या, आणि कुणाला मारली आहे ते आम्हाला बरोबर कळायचं. पुढे पुष्कळ वर्षांनी हैदराबादच्या कोठी भागात जुनी पुस्तकं चाळताना आमच्याच शाळेतले, माझ्याहून बरेच मोठे असे एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता सरांचा विषय निघाला, तर त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "तुम्ही उजव्या की डाव्या?" मी म्हटलं, "डावी." ते म्हणाले, "मी उजवा." आम्ही दोघं हसत सुटलो आणि पुस्तकवाला हातातलं काम टाकून आमच्याकडे बघत राहिला.

प्रकार असा होता. माणसाला डोळे दोन असले तरी नेम धरायची वेळ आली की त्यातला एकच मालक असतो, असं सर सांगत. तो कोणता हे शोधायची त्यांची पद्धत सोपी होती. दोन्ही हात समोर ताणायचे, अंगठे आणि पहिली बोटं जुळवून मध्ये एक लहानशी खिडकी ठेवायची, त्या खिडकीत लांबची एखादी वस्तू धरायची आणि मग एकेक डोळा मिटून बघायचं. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते, तो तुमचा डोळा. दुसरा नुसता सोबतीला आलेला.

एवढं शोधून सर थांबले असते तर ते नुसते धनुर्विद्येचे शिक्षक झाले असते. त्यांना साऱ्या हैदराबादचे डोळे शोधायचे होते. शाळेचे चपराशी चाचा, मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दूधवाला, फी भरायला आलेले पालक, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एकदा नारायणगुड्याहून विद्यानगरच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला आणि सरांनी त्याला हाताची खिडकी करायला सांगितली. "पैले टिकट लेलो साब, आंख-बिंख बाद में देखते," तो म्हणाला. सरांनी तिकीट घेतलं. नंतर बस थांब्यावर उभी असताना त्या माणसाने खरोखर खिडकी केली, बाहेरच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर नेम धरला आणि जाहीर केलं, "सीधी आंख, साब." म्हणजे उजवा. सगळी बस आपापल्या बोटांच्या खिडक्या करून बघायला लागली. सर वही काढून लिहीत होते.

त्या वहीत दोन रकाने होते, 'उ' आणि 'डा'. खाली बारीक अक्षरात निरीक्षणं असत. डाव्या डोळ्याची माणसं वाद लांबवतात. उजव्या डोळ्याची बायकामाणसं भाजी घासाघीस न करता घेतात. शिक्षण खात्यातून तपासणीला आलेले साहेब 'डा', पण कबूल करत नाहीत. यातलं खरं किती आणि सरांच्या मनचं किती, देव जाणे. मी मात्र अजूनही नवं माणूस भेटलं की मनातल्या मनात त्याचा डोळा कोणता असेल याचा अंदाज बांधते. ही खोड त्यांनी लावली, आणि ती जायची नाही.

आमची शाळा मराठी माध्यमाची, नारायणगुड्यातली. मैदान लांबट आणि चिंचोळं. कबड्डीला अपुरं, क्रिकेटला तर फारच अपुरं. म्हणून त्या चिंचोळ्या पट्टीत धनुर्विद्या बसवता येईल असं सरांनी ठरवलं. धनुष्यं बांबूची होती. पलीकडच्या भिंतीपाशी भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे दोरीने आवळून उभे केलेले असत, तेच आमचं लक्ष्य. दोरीचा फटका हाताला लागू नये म्हणून मनगटाच्या वर काहीतरी बांधावं लागतं. दुकानातलं परवडायचं नाही, म्हणून सर कोठीच्या दवाखान्यांतून टाकाऊ एक्स-रे मागून आणत आणि त्यांचे पट्टे कापून नाडीने आमच्या हातांना बांधत. कुणाच्या हातावर कुणाच्या तरी बरगड्या, कुणाच्या हातावर गुडघा. कवटीचा एकच पट्टा होता आणि त्याच्यावरून रोज भांडणं व्हायची.

त्यांच्या तासाला पुराणातल्या धनुर्धरांची नावं घ्यायला बंदी होती. कुणी घेतलंच तर धनुष्य खाली आणि मैदानाला दोन फेऱ्या. "त्या लोकांना वरदान होतं," ते म्हणत. "आपल्याला कुणी देणार नाही. आपल्याला सरावच आहे." त्यांच्या खेळाच्या सामानाच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला बुद्धाचा एक छोटासा फोटो लावलेला होता. तिकडे हात करून ते म्हणत, "बघा, डोळे मिटून बसलेत. आपल्याला पण तिथूनच सुरुवात करायची आहे."

आणि खरंच तशी करायला लावत. पहिले तीन महिने बाण हातात मिळत नसे. नुसती दोरी गालापर्यंत ओढायची, पाच आकडे मोजायचे आणि हळूहळू परत जागेवर न्यायची. त्याला ते 'उतरवणं' म्हणत. दोरी सुटली की धनुष्याला धक्का बसतो, म्हणून सोडायची नाही. पुढचे तीन महिने पेंढ्यापासून तीन पावलांवर उभं राहून, डोळे मिटून बाण मारायचे. तिथून चुकायची सोयच नव्हती, त्यामुळे लक्ष आपोआप खांद्यावर, कोपरावर जायचं. आम्ही कंटाळून जायचो. एक मुलगा म्हणाला, "सर, नेम कधी?" सर म्हणाले, "बाण कुठे गेला ते मला सांगू नको. तू कसा उभा होतास ते सांग."

मी सहावीत या वर्गात गेले आणि पहिल्याच दिवशी सरांशी खोटं बोलले. माझा डोळा डावा निघाला होता. पण लहानपणी डावा हात पुढे केला की आईने त्याच्यावर इतक्या चापट्या मारल्या होत्या की 'डावं' हे काहीतरी लपवायचं असतं एवढंच मला ठाऊक होतं. शेजारची मुलगी "उजवा" म्हणाली, मीही म्हटलं, "उजवा." सहा महिने निभावलं. नेमाची वेळ आली तशी माझे सगळे बाण पेंढ्याच्या डावीकडे जाऊन भिंतीवर आपटायला लागले. सरांनी कोपर पाहिलं, पाय पाहिले, धनुष्य बदललं. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खिडकी कर. माझ्या नाकावर धर." समोरून बघणाऱ्याला त्या खिडकीत आपला खरा डोळा दिसतो, हे मला कुठे माहीत होतं?

"खोटं सांगितलंस?"

"आई रागावते, सर."

मला वाटलं आता फेऱ्या. सर संध्याकाळी थेट आमच्या विद्यानगरच्या घरी आले. हातात धनुष्य बघून आमचा घरमालक दारात येऊन उभा राहिला. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, घर मूळचं बिदरकडचं, शेतीतलं. शिक्षक दारात आला म्हणजे मुलीने काहीतरी दिवे लावले असणार, असं समजून बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं.

आई म्हणाली, "सर, आज डाव्या हातानं धनुष्य ओढील, उद्या डाव्या हातानं पानात वाढील. मग लोक कुणाला बोलतील? मलाच की."

"खरं आहे ताई," सर म्हणाले. "तुम्ही एक करा. अशी खिडकी करा आणि त्या कॅलेंडरवर धरा."

आईने पदराला हात पुसून खिडकी केली. उजवा डोळा मिटला, डावा मिटला, परत उजवा मिटला. मग तिचे हात खाली आले.

"अगं बाई! हे माझ्याकडूनच आलं की!"

"हौ, सगळं तुझ्याकडूनच येतं," बाबा म्हणाले. त्यांच्या अंगावर आलेलं संकट टळलं होतं. सर तोवर वहीत लिहीत होते. जाताना त्यांनी बाबांचाही डोळा तपासला. तो उजवा निघाला, आणि त्या घरात एकटा पडलेला माणूस म्हणून बाबांना उगीचच वाईट वाटलं.

मी डावखुऱ्या पद्धतीने मारायला लागले. उजव्या हातात धनुष्य, डाव्या हाताने दोरी. आमच्या रांगेत डावी मी एकटीच, कारण बाकीचे डाव्या डोळ्याचे दोघं-तिघं तोवर शाळा सोडून गेले होते. त्या दिवसांत शाळा सोडून जाणं चाललेलंच असे. घरोघरी केबल येत होती, चौकाचौकांत इंग्लिश मीडियमच्या पाट्या लागत होत्या आणि आमच्या प्रत्येक वर्गातले दोन-चार बाक दर जूनमध्ये रिकामे पडत होते. मोठ्या बाईंनी शाळेचं माहितीपत्रक छापून घेतलं होतं आणि त्यात पहिल्याच ओळीत धनुर्विद्येचा वर्ग होता. तो वर्ग शाळेला टिकवील अशी त्यांना आशा होती. बाबांना नव्हती. "आठवीपासून इंग्लिश," ते म्हणत. "पुढं इंजिनीअरिंगला मराठीत कोण विचारतंय?"

मी सातवीत असताना ती गोष्ट घडली. मैदानावर शिट्टीचा कायदा होता. एक शिट्टी म्हणजे मारा. तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी धनुष्यं खाली ठेवायची आणि बाण काढायला पेंढ्याकडे चालत जायचं. कुणाच्याही दोरीवर बाण असेपर्यंत सर तीन शिट्ट्या वाजवत नसत. ते रांगेच्या मागे मधोमध उभे राहत. डावी असल्यामुळे माझं तोंड इतरांच्या उलट दिशेला, म्हणून मला रांगेच्या अगदी उजव्या टोकाला उभं करत.

त्या दिवशी माझी दोरी गालाला लागलेली होती, बाण चढलेला होता, आणि तीन शिट्ट्या झाल्या. पोरं निघाली. एक लहान मुलगी तिचा बाण माझ्या पेंढ्याजवळ पडला होता म्हणून पळत पळत नेमकी माझ्या समोरून गेली. मला तिची निळी रिबीन बाणाच्या टोकापुढे दिसली, अजून दिसते. मी काय केलं ते मला ठरवावं लागलं नाही. हातांनी दोरी हळूहळू परत नेली, रोज नेत होते तशीच. बाण काढून खाली टाकला आणि धनुष्यही खाली ठेवलं.

शेजारचा मुलगा ओरडला. सर वळले.

"तू कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"इथेच, सर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पायांपाशी पडलेला बाण उचलला. मग म्हणाले, "जा, माझ्या मागे जा. आणि उजव्या बाजूने हळूहळू पुढे ये. मी थांब म्हणेपर्यंत." ते समोर बघत उभे राहिले. मी त्यांच्या खांद्याच्या रेषेत आले, पुढे गेले, आणखी पुढे गेले. त्यांच्यापासून चार पावलं पुढे गेले तेव्हा कुठे ते "थांब" म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातांची खिडकी केली आणि पेंढ्यावर धरली. सगळी शाळा तपासून झालेल्या माणसाने स्वतःला कितीतरी वर्षांत तपासलं नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर पहिलंच नाव त्यांचं होतं, 'उ'च्या रकान्यात, आणि आज खिडकीतला पेंढा दिसत होता तो डाव्या डोळ्याला.

कोठीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नजर कडेकडेने आत आत जात बहुतेक सगळी गेली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. डावा थेंब घालून सांभाळायचा. सरांना दुःखापेक्षा नवल जास्त वाटलं असावं. "दोन्ही उघडे असले की कळतच नाही गं," ते मला म्हणाले. "मधलं सगळं डावा गुपचूप भरून काढतो. मालक झोपलाय हे कुणाला सांगतच नाही."

शिट्टी त्यांनी मैदानावर ती गोष्ट घडली त्याच दिवशी मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. मी आणि ओरडणारा तो मुलगा, दोघं साक्षीला बाहेर उभे होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"अहो सर, कुणाला काही झालं का? नाही ना? मग झालं तर," बाई म्हणत होत्या. "औषध घाला. दोन महिन्यांत होईल सगळं ठीक. माहितीपत्रकात छापलंय आपण."

"ते खोडा, बाई."

"तुम्हाला व्यवस्थित दिसतं, सर. मी रोज बघते ना."

"बाण चढवून उभी असलेली मुलगी मला दिसली नाही," सर म्हणाले आणि बाहेर आले. धनुर्विद्येचा वर्ग तिथे संपला. ड्रिल, लेझीम, धावणं चालू राहिलं. धनुष्यं कपाटात गेली. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. चाचांनी फाटक आतून लावलं होतं. सरांच्या हातात एक धनुष्य होतं, दोरी चढवलेलं.

"तू एकटी डावी उरलीस," ते म्हणाले. "मला शिकवशील?"

मला वाटलं थट्टा करतायत. ते करत नव्हते. नेम धरणारा डोळा गेला होता आणि पुन्हा कधी बाण मारायचा असेल तर डाव्या डोळ्याने, डाव्या हाताने, पहिल्यापासून शिकायला हवं होतं. पन्नाशी उलटून गेलेला माणूस. मारता आलं नाही तर त्यांच्या आयुष्यातून ती गोष्ट गेलीच, एवढं मला त्या वयातही कळलं.

मग दर शनिवारी तासभर आम्ही दोघं. त्या तासात ते मला "मास्तर" म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. "या मास्तर, आज काय?" पहिले तीन महिने बाण नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. शिकणारे म्हणून ते अगदी वाईट होते. दोरी ओढताना जीभ बाहेर यायची, पाच आकडे मोजताना तीनला पळवाट काढायचे, आणि मुख्य म्हणजे धनुष्य धरलेला उजवा खांदा कानाकडे वर चढायचा. मी "खांदा" म्हटलं की म्हणायचे, "खालीच आहे." मी बोट लावून दाखवायचे. "अरेच्चा," ते म्हणायचे, आणि खांदा खाली यायचा, आणि पुढच्या वेळी परत वर. कधी कधी मी सरांना दोन फेऱ्या दिल्या. त्यांनी त्या मारल्या, आणि चाचा फाटकापाशी उभे राहून "क्या जमाना आगया साब" म्हणून हसत होते.

पुढे तीन पावलांवरून, डोळे मिटून. हिवाळा गेला. एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारी मी आले तर सरांनी पेंढा आधीच दहा पावलांवर नेऊन ठेवला होता आणि त्याच्यावर कागद लावला होता, मध्ये लाल ठिपका. बाबांनी तोवर माझा प्रवेश इंग्लिश शाळेत घेऊन टाकला होता. सरांना ते माहीत होतं. बाण चढवून, दोरी गालाला लावून, डावा डोळा ठिपक्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, सोडू का?"

खांदा वर होता. फार नाही, दोन बोटं. पण वर होता.

मी हो म्हणणार होते. माझा शेवटचा शनिवार, जूनमध्ये मी नसणार, मग त्यांना हो कोण म्हणेल? तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"नाही, सर," मी म्हणाले. "खांदा वर आहे. उतरवा."

त्यांनी सोडला असता तर मी काय करणार होते? तेरा वर्षांची मुलगी मी. क्षणभर दोरी तशीच राहिली. मग त्यांनी ती उतरवली, बाण काढला आणि पायरीवर जाऊन बसले. चष्मा काढून डोळे पुसले. मी रडायच्या बेतात होते.

"रडू नको," ते म्हणाले, आणि त्या तासात पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. "वर्षभर सगळे मला हो म्हणतायत गं. बाई म्हणतात, दिसतं तुम्हाला. घरी म्हणतात, चांगला दिसतोय डोळा. स्टाफरूममध्ये मी काहीही बोललो तरी हो. माणूस संपला की त्याला सगळे हो म्हणतात." मग म्हणाले, "तू नाही म्हणालीस, म्हणजे मी अजून शिकतोय."

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं की नव्या शाळेत जाईन, पण रविवारी सकाळी जुन्या शाळेत. बाबा म्हणाले, "आता काय राहिलंय तिथं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ द्या तिला."

जूनमध्ये नव्या शाळेत मला काहीएक समजत नव्हतं. वर्गात इंग्रजी, मधल्या सुट्टीत तेलुगू, आणि मी गप्प. रविवारी सकाळी सातला मात्र मी मास्तर होते. पहिल्या रविवारी मी सरांना नाही म्हणाले. दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी सर आपणहूनच उतरवून म्हणाले, "आज मलाच कळलं."

चौथ्या रविवारी त्यांनी दोरी ओढली आणि मी चूक शोधत राहिले. पाय पाहिले, कोपर पाहिलं, जीभ आत होती. सापडेना.

"सोडा, सर."

दोरी वाजली. बाण कुठे गेला हे त्यांनी बघितलंच नाही. धनुष्य तसंच पुढे धरून, मान माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "खांदा?"

"खाली होता, सर," मी म्हणाले. "अगदी खाली."